टोपलीतला फोन

सतरा वर्षं बॉयलरशेजारी काढली की माणसाचा कान वेगळाच तयार होतो. कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात त्याला सगळे गुणगुण्या म्हणायचे, कारण बॉयलरच्या घरघरीत सूर धरून तो दिवसभर काहीबाही गुणगुणत असे. वाफ वाढली, पंप अडखळला, एखादा नट सैल झाला, की ते दाबाच्या काट्याच्या आधी त्याच्या कानाला कळायचं. म्हणून त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटांनी चर्चशेजारच्या छोट्या सभागृहाच्या खिडक्या थरथरल्या, तेव्हा प्रार्थनेला बसलेले बाकीचे डोळे उघडून एकमेकांकडे बघत राहिले आणि तो एकटा कोणाला काही न विचारता उठून दाराकडे धावला. आवाज कशाचा होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नोकरी सोडून त्याला जेमतेम सहा दिवस झाले होते.

तो निर्णय काही घाईगर्दीत घेतलेला नव्हता. चर्चच्या मंडळीचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, पाठीच्या दुखण्याने वाकलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. ते तीन वर्षं त्याच्या मागे लागले होते. रविवारची उपासना त्याच्या गिटारीशिवाय सुरू होत नसे. नवी गीतं तो बसवायचा, आणि बेसूर माणसालाही अशा जागी उभं करायचा की त्याचा आवाज खपून जावा आणि मनही मोडू नये. पण पाळकांना रविवारपुरता माणूस नको होता. रोज सकाळी प्रार्थनेला बसणारा, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन गाणारा, कोणावर प्रसंग आला की सगळ्यात आधी पोचणारा असा पूर्णवेळ सेवक त्यांना हवा होता. गुणगुण्या दरवेळी म्हणायचा, बघू. मग मागच्या हिवाळ्यात मंडळीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची आई शेवटच्या घटका मोजत होती. म्हातारीला त्याच्या तोंडून एक गीत ऐकायचं होतं. निरोप आला तेव्हा तो पाळीवर होता, आणि पेटलेला बॉयलर सोडून कोणाला जाता येत नाही. पाळी संपवून तो धावतपळत पोचला, तर आत रडारड सुरू झाली होती. त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, की ज्याला हाक मारली तर तो कधी जागेवर नसतो, असा माणूस असण्याचा मला कंटाळा आलाय.

बायको पाळणाघरात कामाला होती. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, भागवू कसंतरी, पण एकदा हात घातलात तर मध्येच सोडायचं नाही. त्याच्या सासूबाईंना मात्र हे अजिबात पटलं नाही. पोट काय गाण्याने भरतं का, असं त्या चारचौघांत म्हणाल्या. मग कळलं की जावयाच्या जागी त्यांचाच मुलगा लागणार. चार वर्षं तो बॉयलरवर मदतनीस होता आणि सगळं काम भाऊजींच्या हाताखाली शिकला होता. तेव्हा सासूबाईंचा विरोध लोण्यासारखा वितळला. देवाला काय करायचं ते बरोबर कळतं, असंही त्या म्हणाल्या. बायको यावर आठवडाभर हसत होती.

शुक्रवारी त्याने कारखाना सोडला. जाताना पाळीच्या वहीत लिहिलं, की पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी आतून गढूळ झाली आहे, ती बदलल्याशिवाय बॉयलर पूर्ण दाबाला नेऊ नये. मॅनेजरना तोंडीही सांगितलं. नवी काच सोमवारी येते, असं ते म्हणाले. रविवारी मंडळीने त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. सोमवारपासून त्याने रोज साडेआठ ते साडेनऊ सकाळची प्रार्थना सुरू केली. पहिल्याच दिवशी एका निवृत्त पोस्टमनचा फोन तीनदा वाजला, आणि त्याची रिंगटोन म्हणजे आरवणारा कोंबडा. चार आज्या तोंडाला पदर लावून हसल्या, प्रार्थनेचा पार विचका झाला. मंगळवारी गुणगुण्याने दाराशी एक वेताची टोपली ठेवली आणि नियम केला, की आवाज बंद करून फोन टोपलीत, मग आत. सगळ्यात पहिला फोन त्याने स्वतःचा टाकला. नव्या कामाचा हुरूप होता. आपलं काहीतरी शिस्तीत चाललंय, याचं त्याला बरंही वाटलं.

त्या गुरुवारी धावत बाहेर पडताना त्याने टोपलीतून फोन उचलला. रस्त्याच्या वळणावर नजर पडद्यावर गेली. मेहुण्याचे दोन मिस्ड कॉल होते. एक आठ बावन्नला, दुसरा नऊ एकला.

त्याचे पाय क्षणभर थांबले. मग फोन खिशात कोंबून तो पुन्हा धावू लागला.

बॉयलरघराचं पत्र्याचं छप्पर रस्त्यावर येऊन पडलं होतं. फाटकातून पांढरी वाफ आणि काळा धूर एकमेकांत मिसळून बाहेर येत होता. कामगार पटांगणात घोळका करून उभे होते आणि कोणीतरी पुन्हा पुन्हा माणसं मोजत होतं. भट्टीत इंधन टाकणारे काजळीकाका भिंतीला टेकवून बसवले होते. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. त्यांनी गुणगुण्याला ओळखलं, ओठ हलवले, पण शब्द फुटला नाही. तेवढ्यात मेहुण्याला बाहेर आणलं. गुणगुण्याने त्याला बुटांवरून ओळखलं, कारण ते बूट त्याचेच होते. सोडताना त्याला देऊन आला होता. अँब्युलन्सचं दार बंद होईपर्यंत तो बाजूने चालत राहिला. त्याला प्रार्थना करायची होती, पण डोक्यात फक्त दोन आकडे फिरत होते.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, की दोन्ही हात आणि छाती वाफेने भाजली आहे, डोक्याला मार आहे, पुढचे दोन दिवस अवघड आहेत. सासूबाई काचेच्या दारापाशी उभ्या होत्या. बसा म्हटलं तर बसत नव्हत्या. बायको पाळणाघरातून तशीच आली होती, ॲप्रनला मुलांच्या रंगांचे डाग होते. तिने नवऱ्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "त्याला काही अडलं असतं तर त्याने तुम्हाला फोन केला असता. केला होता का?"

"मी प्रार्थनेत होतो," तो म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. तिने मान हलवली आणि आईकडे गेली.  इतक्या सहजपणे आपण हे बोललो, याचंच त्याला भय वाटलं.

दुपारी मॅनेजर आले. केसांत अजून धूळ होती, एका बाहीला भोक पडलं होतं. त्यांनी सासूबाईंना नमस्कार केला, डॉक्टरांशी बोलले आणि मग गुणगुण्याला जिन्याजवळ घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. सतरा वर्षांत एकदाही चढ्या आवाजात बोललेला नव्हता. आज त्यांनी काखेतली फाईल काढून उघडली.

फाईलमध्ये एक टाईप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं, की माजी बॉयलरचालकाने नव्या चालकाला पूर्ण प्रशिक्षण देऊन काम सोपवलं, सोपवताना यंत्रणेत कोणताही दोष नव्हता, आणि आजची घटना चालकाचं पाण्याच्या पातळीकडे दुर्लक्ष झाल्याने अचानक घडली. खाली त्याच्या सहीसाठी जागा सोडली होती.

"काचेचं मी वहीत लिहिलं होतं," गुणगुण्या म्हणाला.

"ती वही आता कुठे आहे?" मॅनेजर हळूच म्हणाले. मग त्यांनी समजावलं. वही बॉयलरघरातच होती, तिची राख झाली. मेहुण्याचा फोनही गेला. जे झालं ते झालं. दुसरा बॉयलर महिनाभरात उभा राहील, त्यावर गुणगुण्याने परत यावं, त्याची जागा त्याचीच आहे. मेहुण्याच्या उपचाराचं शेवटपर्यंत कारखाना बघेल, हवं तर मोठ्या इस्पितळात हलवेल. फक्त वरच्यांना कागद लागतो. कारखाना बंद पडला तर तुमच्या मंडळीतली अर्धी घरं उघड्यावर येतील, हेही त्यांनी सांगितलं. ते धमकीच्या सुरात नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

गुणगुण्याने वेळ मागितला. सहाला सभागृहात सगळ्यांची प्रार्थना ठेवली आहे, त्यानंतर बोलू, म्हणाला.

"मी तिथेच येतो," मॅनेजर म्हणाले.

ते गेल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि फोन काढला. चालकाचं दुर्लक्ष झालं, असं कागद म्हणत होता. हे दोन कॉल उलटं सांगत होते. स्फोटाच्या बावीस मिनिटं आधी चालक जागा होता, त्याला धोका कळला होता आणि तो कोणाला तरी विचारायला धडपडत होता. एवढा एकच पुरावा उरला होता आणि तो त्याच्या खिशात होता. पण तो बाहेर काढायचा, तर हेही सांगावं लागणार की फोन टोपलीत होता, टोपली मी ठेवली होती, आणि मी आत बसून डोळे मिटून गात होतो. हाक मारल्यावर जागेवर असावं म्हणून नोकरी सोडली, आणि सहाव्या दिवशी सख्ख्या मेहुण्याची हाक ऐकली नाही. सासूबाईंना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? बायकोला?

पडद्यावर बोट फिरवलं असतं तर त्या दोन ओळी पुसल्या गेल्या असत्या. बोट पडद्यावर होतंच. कोणीतरी जिना चढत आलं आणि त्याने फोन झटकन खिशात घातला.

पाळक होते. कठड्याला धरत, एकेक पायरी चढत आले होते. ते शेजारी बसले. संध्याकाळची प्रार्थना मी चालवू का, असं त्यांनी विचारलं. तुझ्या घरातलाच माणूस आत आहे, कोणी काही म्हणणार नाही. गुणगुण्याच्या मनात आलं, हो म्हणावं आणि मागच्या रांगेत बसावं. तो नाही म्हणाला. का म्हणाला, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

सहाला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी कधी चर्चमध्ये न दिसणारे कामगारही आले होते. काही भिंतीला टेकून उभे, काही खिडकीबाहेर. डॉक्टरांनी आता आत कोणाला सोडणार नाही असं सांगितल्यावर बायको सासूबाईंना घेऊन आली होती. दोघी पहिल्या रांगेत होत्या. काजळीकाकांची बायको त्यांच्या मागे बसली होती. मॅनेजर सगळ्यात शेवटी, दारापाशी, मांडीवर फाईल ठेवून.

गुणगुण्याने गिटार गळ्यात घातली. बोटं तारांवर ठेवली. सगळ्यांना वाटलं, आता गीत सुरू होईल आणि जरा रडता येईल. लोक त्यासाठीच आले होते.  त्याने पट्टा काढला आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"गाण्याआधी मला काही सांगायचंय," तो म्हणाला. "नाहीतर मला गाता येणार नाही."

त्याने सरळ सांगितलं. आठ बावन्न आणि नऊ एक. टोपलीचा नियम कोणाचा, तेही सांगितलं. मग काचेचं सांगितलं, वहीत काय लिहिलं होतं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, की माझ्या मेहुण्याचं कामाकडे दुर्लक्ष झालं असं कोणी म्हटलं तर ते खोटं आहे. त्याला धोका दिसला होता. त्याने विचारलं होतं. ज्याला विचारलं त्याने फोन उचलला नाही, आणि तो माणूस मी आहे. चौकशीला येतील त्यांना मी हा फोन देणार आहे.

त्याचा आवाज कुठेच चढला नाही.  मागे मॅनेजर उठले. फाईल काखेत घेऊन ते बाहेर गेले.

मग सासूबाई उठल्या. त्या सावकाश चालत त्याच्यासमोर आल्या. आता त्या जावयाच्या तोंडात मारतात, असं पुष्कळांना वाटलं. काहींना तर मारावं असंही वाटलं असेल.

"दोनदा केला होता?" त्यांनी विचारलं.

"हो आई. दोनदा."

त्या वळल्या आणि मधल्या वाटेने, कोणाकडेही न बघता बाहेर पडल्या. बायको त्यांच्यामागे निघाली. जाताना तिने नवऱ्याकडे मान वळवली नाही.

गुणगुण्या तसाच उभा राहिला.  पाळक खुर्चीवरून उठायला लागले. पण त्यांच्या आधी काजळीकाकांची बायको उठली. ती चारचौघांत बोलणारी बाई नव्हती. हातातला रुमाल पिळत ती म्हणाली, की आमच्या माणसाला दुपारी वाचा आली. ते म्हणाले, पोराने मॅनेजरना तीनदा सांगितलं की काचेवर भरवसा नाही, बॉयलर बंद करतो. मॅनेजर म्हणाले, हा कापडाचा लॉट निघू दे. शेवटी पोराने कोणाचं ऐकलं नाही. भट्टीतली आग बाहेर काढायला लावली आणि आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर हाकललं. आमचे हे पायाने अधू, म्हणून मागे राहिले, त्यांना ढकलत होता. तेवढ्यात वरून कोणीतरी पंप चालू केला. तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं आणि बॉयलर फुटला. "आत आठ माणसं असायची त्या वेळी," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या आठांपैकी सहा जण सभागृहातच होते. त्यातला एक, जो कधी प्रार्थनेला आलेला नव्हता, उभा राहिला, आपलं नाव सांगावं तसं मेहुण्याचं नाव मोठ्याने घेतलं आणि बसला. मग दुसरा उठला. मग बायका. कोणी देवाला दोन वाक्यं बोललं, कोणी नुसतंच काजळीकाकांचं नाव घेतलं, कोणी रागाने बोललं. कोणी चालवत नव्हतं आणि प्रार्थना चालली होती. गुणगुण्या भिंतीपाशी गुडघ्यांवर बसला. त्या दिवशी एकही गीत झालं नाही.

घरी बायको स्वयंपाकघरात उभी होती. त्यांच्या लहान मुलीला तिने आजीसोबत पाठवलं होतं. तो दारात येऊन थांबला.

"मी तुम्हाला सकाळी विचारलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा काय उत्तर दिलंत?"

त्याने खिशातला फोन काढून ओट्यावर ठेवला.

"एवढ्या माणसांना सांगण्याआधी मला सांगायचं होतंत. तिथे धीर आला आणि माझ्यासमोर आला नाही?" तिचा आवाज फाटला. "फोन उचलला नाहीत त्याचं मला काही वाटत नाही. देवाशपथ नाही वाटत. पण हे वाटतं."

 त्याने माफी मागितली. तिने ती घेतलीही नाही आणि फेकलीही नाही. दोघांनी चार घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी फोन ताब्यात घेतला, त्याचा जबाब घेतला, काजळीकाकांचा घेतला. पंपाचं बटण वरच्या खोलीतून कोणी दाबलं, तेही महिनाभरात बाहेर आलं. मॅनेजर स्वतःच होते. घाबरून, पाणी कमी पडलंय असं वाटून त्यांनी ते दाबलं होतं. त्यांची नोकरी गेली आणि त्यांच्यावर खटला उभा राहिला. मेहुण्याच्या नावावर ठपका लागला नाही, उपचाराचा भार कारखान्यालाच उचलावा लागला. पण तीन महिने कारखान्याला टाळं होतं आणि त्या काळात मंडळीतली काही घरं गुणगुण्याशी बोलेनाशी झाली. तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं एक जण त्याला तोंडावर म्हणाला. तीन कुटुंबं दुसरीकडे उपासनेला जाऊ लागली.

मेहुणा पाचव्या दिवशी शुद्धीवर आला. उजव्या कानाचं ऐकणं गेलं होतं, हात पट्ट्यांत होते. आठवड्याभराने त्याला बोलता येऊ लागलं तेव्हा गुणगुण्या एकटाच त्याच्या उशाशी होता. त्याने फोनचं सांगितलं. मेहुण्याला ते ठाऊक होतं, आईने सांगितलं होतं.

"पहिल्यांदा विचारायला केला होता," मेहुणा म्हणाला. "दुसऱ्यांदा विचारायचं नव्हतं. बंद कर, असं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. उचलला असतात तर मी दहा मिनिटं आधी बंद केला असता, भाऊजी."

गुणगुण्याने मान खाली घातली.

"खोटं कशाला बोलू," मेहुणा म्हणाला आणि डोळे मिटले. मग डोळे न उघडताच त्याने विचारलं, "उद्या येणार ना?"

तो रोज जात राहिला. मेहुण्याला भरवायचा, त्याच्या डाव्या बाजूला बसायचा. वॉर्डातल्या दुसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने एकदा गायला सांगितलं, तर हळू आवाजात गायलाही. पण आतून तो पार खचला होता. सहाव्या आठवड्यात तो पाळकांकडे गेला आणि सांगितलं की मला हे जमणार नाही, दुसऱ्या एका कारखान्यात जागा आहे, मी जातो. सकाळी प्रार्थनेला बसलो की माझे कान दाराकडे असतात. देवाचं नाव घेताना मला फोनची घंटा ऐकू येते. असा माणूस तुम्हाला काय कामाचा?

पाळकांनी पाठीमागची उशी नीट केली. म्हणाले, जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही, जागा चांगली असेल तर मी शिफारसही लिहीन. मग म्हणाले, "पण लाज वाटते म्हणून जाऊ नकोस. कान दाराकडे असतात म्हणालास ना? असू देत की. प्रार्थनेला बसणाऱ्याचे कान दाराकडे असावेतच. मी चाळीस वर्षं हे शिकतोय."

तो उठून घरी आला. त्या जागेचा अर्ज त्याने टाकला नाही. बायकोला सगळं सांगितलं, या वेळी सगळ्यात आधी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं झालं, मध्येच सोडायचं नाही असंच ठरलं होतं. सकाळची प्रार्थना चालूच राहिली. टोपली त्याने कोणाला तरी देऊन टाकली. पोस्टमनचा कोंबडा आरवला तर सगळे थांबायचे, पोस्टमन बाहेर जाऊन बोलून यायचा आणि कोणासाठी प्रार्थना करायची ते आत येऊन सांगायचा. हळूहळू घरी बसलेले चारसहा कामगारही सकाळी येऊन बसू लागले.

सासूबाई जावयाशी बोलत नव्हत्या. घरी आल्या तर मुलीशी, नातीशी बोलायच्या, त्याला पाण्याचा पेलाही नातीच्या हातून द्यायच्या. त्याने कधी त्यांची मनधरणी केली नाही. आई म्हणून हाक मारत राहिला, उत्तराची वाट बघितली नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मेहुणा रविवारी उपासनेला आला. डाव्या बाजूच्या रांगेत बसू नकोस, तिथून ऐकू येणार नाही, असं म्हणत बायकोने त्याला उजवीकडच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी सासूबाई. त्यांना बघून गुणगुण्या इतका गडबडला, की पहिलंच गीत त्याने भलत्याच वरच्या पट्टीत सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आज्यांचे आवाज फाटले, पोस्टमन तर खोकायलाच लागला. त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"फार वर धरलं," तो म्हणाला. "चुकलं माझं. पुन्हा घेऊ."

लोक हसले. त्याने खाली सूर धरला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी सगळ्यांना पेलवलं. मेहुणा एका कानाने अंदाज घेत, अर्धी मात्रा मागे राहून गात होता. सासूबाईंचे ओठ मिटलेले होते.

उपासना संपल्यावर तो गिटार पिशवीत भरत होता. समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं, म्हणून त्याने वर पाहिलं.

"बुधवारी त्याच्या हातांचा व्यायाम आहे इस्पितळात," सासूबाई म्हणाल्या. "मला जिने चढवत नाहीत. तुम्ही न्याल का, जावई?"

"नेतो, आई," तो म्हणाला. "किती वाजता?"

"अकरा," त्या म्हणाल्या, आणि मुलीला हाक मारत दाराकडे गेल्या.